ज्वारीच्या मुलखात राय: ओळखावी कशी, घ्यावी किती, वापरावी कुठे

आहारतज्ज्ञाच्या कागदावर ‘राय’ लिहिलेलं असतं आणि मोंढ्यातला दुकानदार मोहरीची पुडी बांधून देतो. चूक दोघांचीही नाही. आपल्याकडं राई म्हणजे फोडणीची बारीक मोहरी, आणि राय नावाचं धान्य मराठवाड्याच्या रानात कधी उगवलंच नाही. आता छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या मोठ्या दुकानांत आणि ऑनलाइन रायचं पीठ, अख्खा दाणा आणि ‘राय ब्रेड’ असं सगळं मिळतं. पैसे जास्त लागतात. म्हणून घेण्याआधी दोन गोष्टी कळलेल्या बऱ्या.

आधी नावाचा गोंधळ मिटवू

राय हे गहू आणि जवाच्या नात्यातलं तृणधान्य आहे. शास्त्रीय नाव सेकाले सेरेआले. पोलंड, जर्मनी, रशिया, बेलारूस, फिनलंड हा तिचा मुलूख. गव्हाला जिथं थंडी सोसत नाही आणि जमीन रेताड, हलकी असते, तिथं राय तग धरते. आपल्याकडं हलक्या रानात बाजरी पेरतात, तेच काम तिकडं रायनं शतकानुशतकं केलं. मुळात ही गव्हातलं तण. शेतकरी वर्षानुवर्षं गव्हाचं बी निवडत गेले, तसतसे गव्हासारखे दिसणारे तणाचे दाणे बियाण्यात टिकत गेले आणि शेवटी थंड प्रदेशात तणच पीक झालं. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह यांनी मांडलेली ही गोष्ट आज पाठ्यपुस्तकांत आहे.

दाणा गव्हापेक्षा बारीक, लांबट आणि राखाडी-हिरवट असतो. पीठ करडं दिसतं आणि त्याला किंचित मातकट, आंबूस वास असतो.

आता राय म्हणजे काय काय नव्हे, ते. राई म्हणजे मोहरी. रागी म्हणजे नाचणी. राळं हे बारीक भरडधान्य, त्याचा भात होतो. राजगिरा तर उपवासाचा, तृणधान्यही नव्हे. आमराई-देवराईतली राई म्हणजे झाडांचा गर्द समूह. बीडजवळ पालवणला सह्याद्री देवराई आहे, तिचा या धान्याशी काही संबंध नाही. दुधाच्या धंद्यातल्या लोकांना चाऱ्याचं बी विकणारे ‘रायग्रास’ सांगतात, तेही वेगळंच गवत. अमेरिकेत ‘राय व्हिस्की’ म्हणून जी विकतात, तिच्या आंबवणात मात्र किमान ५१ टक्के हेच धान्य असावं लागतं, असा तिथला कायदा आहे.

ऑनलाइन मागवताना पाकिटावर ‘सीड’ असेल तर थांबा. मोहरीचं बी, रायग्रासचं बी आणि रायचा दाणा एकाच शोधात समोर येतात. फोटोत गोल दाणा दिसला तर मोहरी, गव्हासारखा लांबट दिसला तर राय.

खायची का?

खरं बोलायचं तर मराठवाड्यातल्या बहुतेक घरांना तब्येतीसाठी रायची गरज नाही. १०० ग्रॅम अख्ख्या रायमध्ये साधारण १० ग्रॅम प्रथिनं आणि १५ ग्रॅम तंतू असतात. तेवढ्याच ज्वारीत प्रथिनं तितकीच आणि तंतू साधारण १० ग्रॅम. रायचं पारडं तंतूंच्या बाबतीत जड आहे, हे मान्य. पण ते अख्ख्या दाण्याच्या पिठाचं. पांढरं, चाळलेलं रायचं पीठ घेतलं तर हा फायदा कोंड्याबरोबर निघून जातो. फिनलंडमधल्या अभ्यासांत राय ब्रेड खाल्ल्यावर शरीराला इन्सुलिन कमी लागल्याचं दिसलं, आणि साखरेच्या रुग्णांना राय सांगितली जाते ती अशाच कामांमुळं. तिथं तुलना होती पांढऱ्या गव्हाच्या ब्रेडशी. मालदांडी ज्वारीच्या भाकरीशी कुणी केलेली नव्हती. जो माणूस दोन्ही वेळा भाकरी खातो, त्यानं ज्वारी सोडून राय धरण्यात मला काही अर्थ दिसत नाही. जो रोज सकाळी पांढरा पाव आणि टोस्ट खातो, त्यानं जरूर बदल करावा.

दोन माणसांनी मात्र जपायचं. ज्याला सिलिअ‍ॅक म्हणजे ग्लुटेनचा आजार आहे, त्याला राय पूर्ण बंद. तिच्यात सेकॅलिन नावाचं ग्लुटेनच्या जातीचं प्रथिन असतं. ‘गहू चालत नाही म्हणून राय आणली’ हे मी ऐकलंय आणि ते धोक्याचं आहे. अशा माणसाला ज्वारी, बाजरी, तांदूळच बरे. दुसरा, ज्याचं पोट गव्हानं, कांद्यानं, लसणानं फुगतं, तो. रायमध्ये फ्रुक्टान जातीची साखर बरीच असते, तिनंही पोट धरतं. खमीर लावून आंबवलं की ती थोडी कमी होते.

मग घ्यायची कशासाठी? चवीसाठी. आंबट-मातकट, जड, चिवट अशी तिची चव आहे आणि ती दुसऱ्या कुठल्या पिठाला नाही.

पाकीट वाचायला शिका

तयार ‘राय ब्रेड’ घेताना पुढचं चित्र बघू नका, मागची घटकांची यादी बघा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेले असतात. पहिला मैदा, मग साखर, ग्लुटेन, आणि मध्येच कुठंतरी रायचं पीठ असेल तर तो मैद्याचाच पाव आहे. काळा रंग बहुधा कॅरॅमलचा किंवा कोकोचा असतो. खरी राय सहसा राखाडी-तपकिरी दिसते, चॉकलेटी नव्हे.

पीठ घेताना ‘होल’ किंवा ‘डार्क’ लिहिलेलं घ्या. दळल्याची तारीख बघा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात अख्ख्या दाण्याचं पीठ लवकर कडवट होतं, कारण अंकुराचं तेल त्यात असतं. अर्ध्या किलोच्या वर एकदम आणू नका आणि आणलेलं फ्रीजमध्ये घट्ट डब्यात ठेवा.

दाणा मिळाला तर तो पिठापेक्षा टिकाऊ. कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ज्वारीसारखाच ठेवता येतो. अडचण गिरणीची. गिरणीवाला अर्धा किलो दाणा लावायला नाखूष असतो, आणि आधीच्या फेरीचं हरभऱ्याचं किंवा मक्याचं पीठ त्यात उतरतं. ज्वारीची फेरी संपल्या-संपल्या लावायला सांगा. दगडात राहिलेली ज्वारी मिसळली तरी चवीला बाधत नाही. घरच्या चक्कीवर काम सोपं होतं. दळण बारीक घ्या. भरड घेतलं तर ब्रेड भुसभुशीत होऊन मोडतो.

हे पीठ वागतं कसं, ते कळलं की निम्मं काम झालं

भाकरी करणाऱ्या हाताला ज्वारीचं पीठ कळतं. ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणून आपण आधणाचं पाणी घालतो. गरम पाण्यानं पिठातलं स्टार्च फुगून चिकट होतं, पीठ धरून राहतं आणि भाकरी थापता येते. गव्हाचं उलट. तिथं मळत गेलं की ग्लुटेनची जाळी तयार होते आणि कणीक ताणते.

राय या दोन्हींत बसत नाही. तिच्यात ग्लुटेनच्या जातीचं प्रथिन आहे, पण त्याची जाळी होत नाही. पीठ धरून ठेवतात ते अरॅबिनोझायलन नावाचे चिकट तंतू. ते स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी ओढतात. त्यामुळं रायचं पीठ भिजवल्या-भिजवल्या सैल वाटतं आणि वीस मिनिटांनी घट्ट होतं. घाईत कोरडं पीठ वाढवलं की काम बिघडतं. मळून काही मिळत नाही, उलट हाताला गोंदासारखं चिकटतं. ओला हात, ओला चमचा आणि थोडा धीर, एवढंच लागतं.

आणखी एक भानगड आहे. रायच्या दाण्यात स्टार्च तोडणारं अमायलेज हे एन्झाइम भरपूर असतं. ब्रेड भाजताना आतलं तापमान हळूहळू चढतं, तेव्हा स्टार्च फुगतं आणि त्याच वेळी अमायलेज जोरात काम करतं. स्टार्चची साखर होऊन आतला भाग चिखलासारखा लिबलिबीत राहतो. बाहेरून ब्रेड झकास, कापला की आत गोळा! यावर उपाय एकच, आंबटपणा. पीठ चांगलं आंबलेलं असलं की आम्लानं अमायलेज मंदावतं आणि स्टार्च वाचतं. जर्मनी, पोलंड, रशियात राय ब्रेडला आंबवण लावतात ते चवीपुरतं नाही. फक्त बाजारचं यीस्ट घालून निव्वळ रायचा ब्रेड करायला जाल तर तो बिघडण्याचीच शक्यता जास्त.

पहिली पायरी: धपाटे

ब्रेडच्या मागं लागण्याआधी पिठाची ओळख धपाट्यांत करून घ्या. इथं बिघडण्यासारखं काही नाही.

दोन वाट्या ज्वारीचं पीठ, पाऊण वाटी रायचं, अर्धी वाटी बेसन. त्यात लसूण-हिरवी मिरची-जिऱ्याचा ठेचा, हळद, ओवा, तीळ, मीठ आणि मूठभर कोथिंबीर. अर्धी वाटी आंबट दही घालून, लागेल तसं पाणी घेत सैलसर भिजवा आणि झाकून वीस मिनिटं ठेवा. ही वीस मिनिटं चुकवू नका. मग पीठ बघा, घट्ट झालं असेल तर पाण्याचा हबका मारा. ओल्या फडक्यावर पातळ थापून, मधे भोकं पाडून तव्यावर टाका आणि तेल सोडून दोन्ही अंगांनी खरपूस भाजा. रायमुळं धपाटे दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. प्रवासाला नेण्यासाठी हा मोठा गुण.

रायचं प्रमाण पिठाच्या चौथाईच्या फार पुढं नेलं तर धपाटं आतून चिकट लागतं. निव्वळ रायची भाकरी तर करूच नये. आधण घातलं तर परातीत खळ तयार होते.

दुसरी पायरी: खमीर

आंबवणं आपल्याला नवं नाही. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूर-धाराशिवकडं ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील रात्रभर मुरते, आणि संभाजीनगरच्या नान-खलियातली नानही खमिराचीच. रायच्या पिठावर खमीर गव्हापेक्षा लवकर उठतं, हा तिचा मोठा गुण. घरात दुसरं काही करायचं नसलं तरी खमीर धरायला म्हणून थोडं रायचं पीठ ठेवावं, या मताचा मी आहे.

काचेच्या बरणीत ५० ग्रॅम रायचं पीठ आणि ५० ग्रॅम पाणी कालवा. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर उकळून गार केलेलं पाणी घ्या. झाकण सैल ठेवा. दुसऱ्या दिवसापासून रोज यातलं ५० ग्रॅम ठेवून बाकीचं काढा आणि त्यात पुन्हा ५० ग्रॅम पीठ, ५० ग्रॅम पाणी घाला. काढलेलं पीठ पहिले तीन दिवस टाकून द्या, पुढं धपाट्यांत चालतं.

दुसऱ्याच दिवशी भरपूर बुडबुडे येतील आणि वास घाण येईल. याला फसू नका. ते खमीर नव्हे, पिठात आधीच असलेले भलतेच जीवाणू आहेत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळं थंड पडल्यासारखं दिसतं, आणि नेमकं इथंच लोक बरणी फेकून देतात. थांबा. आंबटपणा वाढला की ते जीवाणू मरतात आणि दह्यातल्यासारखे लॅक्टिक जीवाणू व जंगली यीस्ट जोर धरतात. पाच ते सात दिवसांत वास ताकासारखा, किंचित फळासारखा होतो आणि खाऊ घातल्यावर, म्हणजे नवं पीठ-पाणी घातल्यावर, चार-सहा तासांत पीठ दुप्पट फुगतं. मग ते तयार. गुलाबी किंवा केशरी डाग दिसले, बुरशी आली, तर मात्र सगळं टाकून बरणी उकळत्या पाण्यानं धुवा.

युरोपात लिहिलेल्या कृती २४-२५ अंशांच्या खोलीसाठी असतात. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये खोलीतच ३५ च्या वर असतं. तेव्हा दिवसातून दोनदा खाऊ घाला आणि पाणी थोडं कमी घ्या. बरणी पाण्याच्या माठाला लागून, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. दिवाळी ते संक्रांत हा आपल्याकडं खमीर सुरू करायला उत्तम काळ. एकदा तयार झालं की फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यातून एकदा खाऊ घातलं तरी पुरतं.

तिसरी पायरी: ब्रेड

पहिला ब्रेड निव्वळ रायचा करू नका. थोडा गहू असू द्या.

रात्री ३० ग्रॅम खमीर, १५० ग्रॅम रायचं पीठ आणि १५० ग्रॅम पाणी कालवून झाका. थंडीत हे १०-१२ तास लागेल, उन्हाळ्यात ५-६ तासांत होईल. तेव्हा उन्हाळ्यात पहाटे लावणं बरं. वर फेस येऊन मधे किंचित खचलं की तयार.

त्यात २०० ग्रॅम रायचं पीठ, १५० ग्रॅम गव्हाचं पीठ, १० ग्रॅम मीठ, चमचाभर गूळ आणि २६० ग्रॅम कोमट पाणी घाला. एक चमचा भरडलेले धने घाला. रशियातल्या बोरोदिन्स्की ब्रेडवर धनेच असतात, आणि आपल्या घरात ते नेहमीचेच. जर्मनीत कॅरवे घालतात. ते नसेल तर बाळंतशेपा चालतो. लाकडी कालथ्यानं नीट एकजीव करा, मळू नका. पीठ थालीपिठाच्या पिठाहून सैल आणि भज्यांच्या पिठाहून घट्ट हवं.

नऊ बाय पाच इंचाच्या ब्रेडच्या डब्याला भरपूर तेल लावा. पीठ त्यात घालून ओल्या हातानं वरून गुळगुळीत करा आणि कोरडं पीठ भुरभुरवा. साधारण दोन तास, उन्हाळ्यात तासाभरातच, वरच्या कोरड्या पिठाला तडे जाऊन खालचं ओलं पीठ दिसायला लागतं. ओव्हन तापवून ठेवलेला असावा, कारण तडे दिसले की लगेच भाजायचं. उशीर केला तर ब्रेड मधे खचतो.

ओव्हन असेल तर २३० अंशांवर १५ मिनिटं, मग १९० वर आणखी ४५ ते ५० मिनिटं. नसेल तर दोन वाटा आहेत. पहिली, जुना कुकर: तळाशी मिठाचा थर, वर जाळी, शिट्टी आणि रिंग काढलेली. दहा मिनिटं तापवून डबा ठेवा आणि मंद-मध्यम आचेवर सव्वा तास. चांगला कुकर यासाठी वापरू नका, कोरडा तापून खराब होतो. वरची बाजू पांढरटच राहते.

दुसरी वाट मला जास्त पटते, ती वाफवण्याची. ही काही तडजोड नव्हे. जर्मनीतला पंपर्निकेल झाकलेल्या डब्यात मंद उष्णतेवर १६ तास आणि त्याहूनही जास्त ठेवतात, अमेरिकेतला बॉस्टन ब्राउन ब्रेड तर राय, मका आणि गव्हाचा, वाफवूनच होतो. उभ्या स्टीलच्या डब्यात पीठ अर्ध्याच्या थोडं वर भरा, फॉइलनं सैलसर झाका आणि पातेल्यात निम्म्या उंचीपर्यंत पाणी ठेवून मंद आचेवर अडीच तास वाफवा. पाणी आटेल तसं उकळतंच घाला. कड खरपूस होणार नाही, म्हणून खाताना काप तव्यावर तुपात भाजा.

ब्रेड निघाला की तो कापू नका. सुती फडक्यात गुंडाळून किमान रात्रभर, जमलं तर २४ तास ठेवा. आतला ओलावा सारखा पसरायला आणि स्टार्च बसायला तेवढा वेळ लागतो. गरम कापला तर सुरी चिकटते आणि ब्रेड कच्चा आहे असं वाटतं. काप बोटभर जाड नको, पातळ हवा. वर लोणी आणि मीठ, किंवा शेंगदाण्याची चटणी आणि दही. जवसाची चटणी तर याच्यासाठीच केलेली वाटते.

दुसऱ्या दिवशीही आत लिबलिबीत असेल तर खमीर कमी आंबट होतं किंवा भाजणं कमी पडलं. वरची कड आतल्या भागापासून सुटून पोकळी झाली असेल तर बहुधा फुगायला दिलेला वेळ चुकला. फार आंबट झाला तर पुढच्या वेळी रात्रीचं पीठ दोन तास आधी वापरा.

बाकी छोटे उपयोग

अख्खा दाणा रात्रभर भिजवून कुकरला पाच-सहा शिट्ट्या दिल्या की कोशिंबिरीत, उसळीत चालतो. चावायला चिवट लागतो. खमिरातून काढलेलं पीठ, तीळ आणि मीठ घालून कागदासारखं पातळ पसरून तव्यावर वाळवलं की कडक, खाकऱ्यासारखी पोळी होते. स्वीडनमध्ये अशाच पोळ्या मधे भोक पाडून करायच्या आणि छताजवळ काठीला ओवून ठेवायच्या. रशियात राय ब्रेडचा क्वास करतात, आपल्या आंबिलीसारखंच आंबट पेय, पण त्यात किंचित मद्यार्क येतो. येळवशीच्या आंबिलीत मात्र राय घालण्याचा उद्योग करू नये. ती ज्वारीचीच चांगली.

रानात पेरावी का?

कुणी बियाणं घेऊन आलं आणि ‘परदेशी धान्य, दर दुप्पट’ म्हणालं तर भुलू नका. हिवाळी रायला ओंबी धरण्याआधी काही आठवडे सलग कडक थंडी लागते. परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा कधी दहाच्या खाली जातो, पण तो पहाटेपुरता. दुपारी ऊन असतंच. नुसतं हिरवं पातं वाढेल, दाणा भरणार नाही. थंडी न लागणारे वाणही आहेत, पण आपल्याकडं त्यांना ना मोंढ्यात भाव आहे ना घेणारा. त्याच ओलीवर परभणी मोती किंवा मालदांडी दाणाही देते आणि कडबाही.

अख्खा दाणा निवडताना एक बघाच. रायवर अरगट नावाची बुरशी येते. दाण्याच्या जागी काळं-जांभळं, लांबट, वाकडं शिंगासारखं बोंड तयार होतं. बाजरी घेणाऱ्यांना हा रोग नावानिशी माहीत आहे, बाजरीचं बी पेरण्याआधी २० टक्के मिठाच्या पाण्यात घालून तरंगणारे दाणे काढतात ते यासाठीच. रायवरचा अरगट जास्त विषारी. मध्ययुगीन युरोपात त्या पिठाचा ब्रेड खाऊन हातपाय सडल्याच्या साथी येऊन गेल्या. पुढं याच बुरशीतून बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारं अर्गोमेट्रिन मिळालं, आणि १९३८ मध्ये अल्बर्ट हॉफमन यांनी तिच्याच घटकापासून एलएसडी बनवलं. पाकीटबंद दाणा यंत्रानं साफ केलेला असतो, भीतीचं कारण सहसा नाही. तरी सुटा दाणा आणला तर सुपात पसरून डोळ्यांखालून घाला, आणि असे काळे दाणे बरेच दिसले तर ते निवडत बसू नका, पूर्ण पिशवी परत करा.